अंजूचा लॅपटॉप आणि चारशे फुटी घर

२१ जून २०१२, गुरुवार. नांदेड

दुपारच्या लातूर गाडीने अंजू आली. पाठीवर सॅक, हातात ड्रॉइंगच्या कागदांची गुंडाळी. उंबऱ्यातच म्हणाली, "आत्या, मी तुझ्याकडे पाच वर्षं राहायला आले." मी तवा उतरवून ठेवला आणि आधी बसून घेतलं.

अंजू माझ्या धाकट्या भावाची, संगमेश्वरची, एकुलती एक लेक. भूकंपाच्या पुढच्या साली जन्मली, आता अठरा पूर्ण झाली. संगमेश्वरचं लातुरात होस्टेल आहे, तीन मजली, साठ मुलं, सगळी कोचिंगला आलेली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. त्या घरातली पोर डॉक्टर होणार नाही असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दोन वर्षं तीही त्या मुलांसारखी पहाटे क्लासला गेली. मेडिकलला नंबर लागला नाही. पण मधल्या मध्ये बाईसाहेबांनी बापाला न सांगता आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा दिली, तिच्यात उत्तम मार्क मिळवले, आणि इथल्या कॉलेजात जागा मिळणार हे आता नक्की झालंय. संगमेश्वरचं म्हणणं, एक वर्ष रिपीट कर. सोळा जुलैला रिपीटवाल्यांची बॅच सुरू होते, तिथे त्याने तिचं नाव घालून ठेवलंय. म्हणून ही इकडे पळाली.

मी तिला रागावले, जेवायला वाढलं, आणि गुंडाळी सोडून कागद बघितले. मी स्वतःची स्तुती करत नाही, पण एकतीस वर्षं सरकारी नकाशा कार्यालयात काढली, लागले ती ट्रेसर म्हणून, आलेले नकाशे शाईने उतरवून काढायला. रेष बघितली की हात कळतो मला. हिचा हात आमच्या घरचा आहे.

सांगून टाकलं, कॉलेजसाठी लॅपटॉप लागेल तो आत्याकडून. आणि साधासुधा नाही.

२४ जून, रविवार

कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या मुलांनी अंजूला यादी दिली आहे. इतकी मेमरी, तितका वेग, वेगळं ग्राफिक्स कार्ड. ती वाचून दाखवत होती, मी मान डोलावत होते. समजलं काहीच नाही, पण तिला तसं सांगितलं नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. कॉम्प्युटरशी माझं वाकडं आहे. दोन हजार एक साली ऑफिसात दोन मशीनं आली, त्यांच्याबरोबर दोन पोरं आली, आणि महिन्याभरात आम्हा चौघी ट्रेसरांची टेबलं हलवली. मला आवक-जावक दिलं. नऊ वर्षं मी पत्रांवर नंबर टाकले. ज्या हाताने ट्रेसिंग क्लॉथवर हातभर लांब रेष एका दमात शाईने ओढली, त्या हाताने. मशीनला मी एकदाही हात लावला नाही. कोणी लावायला सांगितलंही नाही.

ते असो. लॅपटॉप मीच तपासणार. यादी काही का असेना, शेवटी ज्यावर नकाशा काढायचा ती वस्तू कशी असावी हे मला कळायला पाहिजे.

२५ जून, सोमवार

वजिराबादेत शिवमूर्तीचं दुकान. त्याचे वडील संगप्पा आमच्या शेजारच्या गल्लीतले, त्यामुळे बसायला खुर्ची आणि चहा दोन्ही मिळालं. "कॉलेजसाठी प्रीमियममध्ये तीन दाखवतो," म्हणाला. एक चंदेरी, पातळ, सगळं अंग धातूचं. एक काळा, जाडसर, कोपरे खणखणीत. तिसरा एवढा थोराड, की मी अंजूच्या पाठीकडे बघितलं आणि तो आधीच बाजूला ठेवायला लावला.

मग पर्समधून माझी मोजपट्टी काढली. शिवमूर्तीला वाटलं मी लांबी-रुंदी मोजतेय. मी अंजूला म्हणाले, पडद्यावर एक गोल काढ, दहा सेंटिमीटरचा. तिने काढला. आडवा मोजला, उभा मोजला. चंदेरीवर दोन्हीकडून सारखा. काळ्यावर आडवा जास्त भरला. शिवमूर्तीने कुठेतरी दोन बटणं दाबली, म्हणाला सेटिंग चुकलेलं होतं, आणि गोल गोल झाला. दुकानातली दोन गिऱ्हाईकं आमच्याभोवती येऊन उभी राहिली.

मग तिरपी रेष. बारीक, अगदी थोडी कललेली. काळ्यावर जवळून बघितलं तर रेषेला पायऱ्या दिसतात. चंदेरीवर दिसतच नाहीत. अशी रेष ओढायला मला सहा वर्षं लागली होती. मी बराच वेळ बघत राहिले. अंजूने विचारलं, "आत्या, काय झालं?" म्हटलं, डोळ्यात कचरा गेला.

अंजूलाही चंदेरीच आवडलाय. मी मत दिलं नाही. एका भेटीत मत देणाऱ्यातली मी नाही.

२९ जून, शुक्रवार

तिसऱ्यांदा दुकानात. शिवमूर्ती आता मला बघितलं की दुकानातल्या मुलाला चहा सांगतो. आज बिजागऱ्या तपासल्या, शंभर वेळा झाकण उघड-मिट. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग किबोर्डच्या बटणांचा आवाज. अर्धा तास मांडीवर ठेवून किती तापतो ते. चंदेरी तापतो. काळ्याचा पंखा आवाज करतो, पण मांडी गार राहते.

शेवटी शिवमूर्तीनेच तोडगा काढला. "बाई, दाखवायचे दोन्ही पीस घरी न्या. पंधरा दिवस वापरा. मग सांगा." इतका विश्वास कोणी उगाच ठेवत नाही.

२ जुलै, सोमवार

दोन्ही लॅपटॉप माझ्या जुन्या ड्रॉइंगच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. अंजू मला शिकवते. म्हणजे मला शिकायचं नाही, पण तपासणी करायची तर वापरता आलं पाहिजे. रेष कशी सुरू करायची, कुठे संपवायची, जाडी कशी बदलायची. आमच्या वेळी चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची, आणि कापड फाटलं तर अख्खा नकाशा पहिल्यापासून. इथे एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती.

आज सकाळी नऊला बसले ती लोडशेडिंग झालं तेव्हाच भान आलं. साडेबारा वाजले होते. कुकर लावायचा राहिला. अंजूने खिचडी टाकली होती, मला हाक मारली नाही.

नोंद: बॅटरी चंदेरीची जास्त टिकते, तासभर तरी.

४ जुलै, बुधवार

माझं घर पूर्ण काढून झालं. हॉल, स्वयंपाकघर, मागची मोरी, सगळं मापात. अंजू म्हणाली, आत्या, सीनिअर मुलांना याला महिना लागतो. मी म्हटलं, मी फक्त मशीन तपासतेय.

५ जुलै, गुरुवार

संगमेश्वर आला. न कळवता, गाडी घेऊन. पाणीसुद्धा घेतलं नाही. अंजूला म्हणाला, सामान भर.

मी त्याला बसवलं. अंजू आतल्या दारात उभी. तो मोठ्याने बोलत नाही, त्याची तीच तर पंचाईत आहे. हळू बोलतो आणि माणसाला बोलायला जागा ठेवत नाही. म्हणाला, होस्टेलमध्ये साठ पोरांचे बाप मला विचारतात, तुमची मुलगी कुठे लागली. मी म्हटलं, मग सांग, आर्किटेक्चरला लागली. तो हसला नाही.

मग तो म्हणाला ते तसंच्या तसं लिहून ठेवते. "अक्का, भूकंपाच्या सकाळी मी गाडीतून अकरा माणसं दवाखान्यात नेली. दोन चकरा. तिसऱ्या चकरेला मामाच्या घरातलं कोणी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. तिथे माणसं इतकी, की डॉक्टर पुरणार कुठून. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात एक डॉक्टर पाहिजे. नकाशे काढणारं कोणी त्या दिवशी कामाला आलं नाही."

ही गोष्ट त्याने मला एकोणीस वर्षांत सांगितली नव्हती.

अंजू आतून म्हणाली, "पण पप्पा, ती माणसं दबली कशाखाली?"

सगळ्यांना माहीत आहे. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. घरंच अंगावर आली.

संगमेश्वर उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, रविवारी घ्यायला येतो, लातुरात चल, मग बघू. अंजूने अट घातली. आधी आमच्या मामाच्या गावी जायचं, तिथल्या मल्लम्माकाकूचं घर मोजायचं. "लॅपटॉपची खरी परीक्षा घरात बसून होत नाही." माझंच वाक्य, मीच तिला परवा म्हटलं होतं. संगमेश्वरला ते गाव नको होतं, हे मला दिसलं. पण हो म्हणाला.

मला मात्र जायचंच होतं. कारण त्या गावाचा नकाशा माझ्या हातचा आहे. भूकंपानंतर मला चौदा महिने लातूरला पाठवलं होतं. वरून डिझाइन यायचं, आम्ही शाईने ट्रेस करायचो, त्याच्या प्रती निघायच्या आणि त्यावर गावं बांधली जायची. मामाच्या गावाचं नवं गावठाण, चारशे बारा प्लॉट, माझ्या पेनाखालून गेलंय. घराचा नकाशाही, चारशे फुटी. त्याची एक प्रत मी जपून ठेवली आहे. इतकी वर्षं अभिमानाने सांगत आले, पण जाणं झालंच नाही. मामा-मामी गेल्यावर तिकडे पाय वळला नाही, आणि मग कामं.

८ जुलै, रविवार. लातूर

हात दुखतोय तरी लिहितेय.

लोहा, अहमदपूर करत लातूर, तिथून पुढे निलंग्याच्या रस्त्याला. पाऊस नाही, रानं कोरडी, ऊन मे महिन्याचं. नव्या गावात शिरलो आणि माझ्या छातीत काहीतरी फुगलं. रस्ते सरळ. अगदी पट्टीने आखलेले. मी खिडकीतून बघत होते आणि प्रत्येक वळण यायच्या आधी मला माहीत होतं. अंजूला म्हटलं, आता डावीकडे शाळा, मग मोकळी जागा, मग आठ घरांची ओळ. तसंच आलं. संगमेश्वरनेही एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं.

मल्लम्मा म्हणजे मामाची सून. त्या सकाळी लेकराला घेऊन माहेरी होती म्हणून वाचली. नवरा शरणप्पा शेतात झोपलेला, म्हणून तोही. आता साठीला आली असेल. आम्हाला बघून रडली, मग ताक दिलं, मग अंजूने टेप काढला तर हसायला लागली. "आमचं घर मोजून काय करायलीस गं पोरी?"

अंजूने विचारून विचारून मोजायला घेतलं. इथे कोण झोपतं, धान्य कुठे, पाणी कुठून भरता, पाहुणे आले तर कुठे बसतात. एवढे प्रश्न आमच्या चौदा महिन्यांत कोणी कोणाला विचारले नव्हते. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे होतं. संगमेश्वर गाडीपाशीच उभा होता, घरात आलाच नव्हता. अंजूने हाक मारली. पप्पा, जरा हे धरा. तो आला. मग तासभर तो टोक धरून भिंतीभिंतीला फिरला, आकडे मोठ्याने सांगत. एकदा तिने त्याला पुन्हा मोजायला लावलं, कारण टेप तिरका धरला होता. त्याने मुकाट पुन्हा मोजलं.

अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर दोन्ही लॅपटॉप उघडले. आणि तिथे चंदेरी हरला. पडदा आरशासारखा. नकाशा बघायला वाकले तर माझाच चेहरा, माझ्यामागे निंब, निंबामागे आभाळ. रेष कुठेच नाही. काळ्याचा पडदा खरखरीत, चमकत नाही, त्यावर भिंत न् भिंत दिसत होती. गावात वीज सकाळपासून नव्हती. काळ्याने चार वाजायला आले तेव्हा मान टाकली, तोवर काम उरकलं होतं. पायऱ्या दिसतात रेषेला, दिसोत. अंजूने स्वतःच चंदेरीचं झाकण लावून तो पिशवीत ठेवला.

आता पुढचं.

अंजूचं काढून झाल्यावर मी पिशवीतून माझी प्रत काढली, चौऱ्याण्णव सालची. बाजेवर पसरली. मला दाखवायचं होतं की बघा, तंतोतंत. पण जुळेना. दार जुळेना. माझ्या नकाशात दार रस्त्याकडून आहे. अंजूच्या पडद्यावर तिथे भिंत, आणि दार बाजूच्या अंगणातून. पुढच्या खोलीतली चूल मागे गेलेली. शेजारच्या घराबरोबरचं कुंपण गायब, मध्ये एक लांब ओटा, त्यावर दोन्ही घरच्या बाया बसलेल्या.

मल्लम्माला विचारलं, दार का बुजवलं.

"अक्का, दार तिकडून व्हतं तवा चूल समदी रस्त्यावरनं दिसायची. ताटात काय हाय ते येणारा-जाणारा बघायचा. पश्चिमेचं वारं सुटलं की धूर घरातच. लई बेजार झालो. दोन वर्सं काढली तशीच. मंग ह्यांनी भिंत फोडली." तिने हाताने ओळीकडे दाखवलं. "समद्यांनीच फोडली."

मी ओळीकडे बघितलं. आठच्या आठ घरांची रस्त्याकडची दारं बुजवलेली. सिमेंटचे वेगवेगळे रंग, आठ ठिगळं.

तिला दोष द्यायचा नव्हता, ती तर हसत सांगत होती. चुलीजवळ बसवून मला भाकरी खाऊ घातली. तिला माहीतही नाही की तो नकाशा माझ्या हातचा.

परत येताना औशाच्या अलीकडे मीच सांगितलं. ट्रेस करताना माझ्या ते लक्षात आलं होतं. मी चूल मांडणाऱ्या घरातली आहे, दार बघितलं की समजतं. आमच्या साहेबांना मी म्हटलंही होतं, साहेब, रस्त्यावरून चूल दिसेल. ते म्हणाले होते, बाई, तुमचं काम रेष ओढायचं.

अंजूने विचारलं, "मग तू काय केलंस?"

"रेष ओढली."

तिने माझा हात हातात घेतला. पुढच्या सीटवरून संगमेश्वर काही बोलला नाही. मी खरं तर साधी गोष्ट सांगितली होती, ऑफिसात रोज असं व्हायचं. गाडीत एवढं गप्प बसण्यासारखं त्यात काय होतं?

९ जुलै, सोमवार. लातूर

संगमेश्वरच्या होस्टेलवर. सकाळी मुलं एका रांगेत क्लासला निघाली, सगळ्यांच्या पाठीवर सारख्या बॅगा. अंजू जिन्यात उभी राहून बघत होती, संगमेश्वर तिच्याकडे.

मग ऑफिसच्या खोलीत त्याने तिला म्हटलं, ते कालचं दाखव. तिने मल्लम्माचं घर उघडलं. आणि त्याच्यावर लाल रंगात आणखी काहीतरी काढलेलं, खिडक्यांच्या वरून घराला पूर्ण वळसा घालणारा एक पट्टा. संगमेश्वरने विचारलं, हे काय. ती म्हणाली, हा काँक्रीटचा पट्टा भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. घर हललं तरी भिंती सुटून अंगावर येत नाहीत. मल्लम्माकाकूच्या घराला आहे, तो मी भिंतीवर शोधला. पण मागे त्यांनी स्वतः बांधलेल्या न्हाणीला नाही. तो कसा घालायचा हे गावात कोणाला तरी सांगता आलं पाहिजे.

संगमेश्वरने पडद्यावर त्या लाल पट्ट्यावरून बोट पूर्ण फिरवलं. चारी बाजू. पडद्यावर बोट लावू नये असं मी दुकानात शिवमूर्तीला दहादा बजावलंय, पण तिथे बोलले नाही. मग म्हणाला, मुलांच्या नाश्त्याचं बघतो, आणि गेला.

मी एवढंच लिहीन, की ती पोर समजावून सांगते तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं.

१२ जुलै, गुरुवार. नांदेड

अंजू माझ्याबरोबर परत आली. संगमेश्वर बसस्टँडवर सोडायला आला होता, हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

काळा घेतला. नवा, सीलबंद. दाखवायचे दोन्ही पीस पुसून परत केले. शिवमूर्तीने चंदेरीची आणखी एकदा तारीफ केली, सगळे प्रीमियमवाले तोच नेतात म्हणाला. अंजूने त्याला उन्हाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, इतकी वर्षं विकतोय, कोणी उन्हात नेऊन बघितला नव्हता. आता मी गिऱ्हाइकाला दारात नेऊन दाखवीन. खरोखरच पुढच्या माणसाला घेऊन तो दारात गेला.

१६ जुलै, सोमवार

आज रिपीटची बॅच सुरू झाली असणार. दिवसभर फोन नाही. अंजू मोबाइल उशाशी घेऊन बसलेली, मी भाजी दोनदा निवडली.

१८ जुलै, बुधवार

सकाळी दाराशी टेम्पो. त्यात एक टेबल. सागवानी, वरची फळी कललेली, खाली कप्पे, एका बाजूला लॅपटॉपसाठी सपाट जागा. संगमेश्वरने होस्टेलच्या सुताराकडून करून घेतलंय, माप स्वतः दिलंय. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. टेम्पोवाला म्हणाला, अंजूताईंसाठी आहे.

दारातून आत जाईना. चार बोटं जास्त. अंजू आणि मी दोघी हसून हसून पायरीवर बसलो. शेवटी पाय सोडवून, फळी उभी करून आत घेतली. अंजूने संगमेश्वरला फोन लावला. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, फक्त शेवटी ती म्हणाली, "हो पप्पा, आधी दार मोजायचं असतं."

मी फोन मागितला नाही. माझा भाऊ आहे, मला कळतं.

२३ जुलै, सोमवार. नागपंचमी

पुरणाचे दिंड केले. दुपारी मल्लम्माचा फोन. तिच्या मुलाचं, सिद्धलिंगचं, लग्न ठरतंय, मार्गशीर्षात. मागे दोन खोल्या काढायच्या आहेत. गवंडी म्हणतो, नकाशा कशाला, मी बांधतो. ती म्हणाली, "न्हाई म्हटलं. आमची अक्का हाय नांदेडला. सरकारी नकाशे काढत व्हती. तीच काढंल."

म्हणजे तिला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत असणार, भाकरी वाढताना.

मी म्हटलं, अगं मी फक्त ट्रेस करायचे, अंजूला सांगते. ती म्हणाली, पोरीला तिची शाळा हाय. तू काढ.

१ ऑगस्ट, बुधवार

अंजूचं कॉलेज सुरू झालं. काळा लॅपटॉप नव्या बॅगेत, बॅग पाठीवर, मी दारातून कोपऱ्यापर्यंत बघितलं. कोपऱ्यावर तिच्या वर्गातली कोणी मुलगी भेटली, दोघी बोलत गेल्या. एकदाही मागे वळून बघितलं नाही. चांगलं झालं.

घर आवरलं. अंजूचं टेबल पुसलं. अकराला बसले ती नुसतीच बसले. मल्लम्माच्या खोल्या डोक्यात फिरत होत्या. जुन्या कागदावर पेन्सिलने काढायला घेतल्या, दार कुठे, वारं कुठून, सुनेला न्हाणीपर्यंत जायचं तर सासऱ्यासमोरून जावं लागू नये. चार वेळा खोडलं. कागद फाटला.

संध्याकाळी अंजू आली, लॅपटॉप उघडला, आणि मी तिच्या मागे उभी. ती म्हणाली, आत्या, मला उद्याची शीट आहे. म्हटलं, कर बाई तू, मी बघतेय नुसती.

४ ऑगस्ट, शनिवार

शिवमूर्तीच्या दुकानात गेले. मला एकटीला बघून तो घाबरला. विचारलं, बाई, काही बिघडलं का. म्हटलं, काही नाही. तो तपासणीचा काळा अजून आहे का?

होता. त्याने काढून दिला. मी झाकण उघडलं, गोल काढला, मोजपट्टी लावली, पंखा ऐकला. मग लॅपटॉप घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात गेले. तोही मागोमाग आला. म्हणाला, आणखी कोणाची ॲडमिशन झाली का? कुठलं कॉलेज?

"कॉलेज नाही," मी म्हणाले. "निलंगा तालुक्यात दोन खोल्या बांधायच्या आहेत. नकाशा मी काढतेय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोराला हाक मारून बॅग आणायला सांगितली. वापरलेला पीस म्हणून कमी करतो म्हणाला. वापरला कोणी होता, मीच ना. पण कमी केलं ते घेतलं.

घरी येऊन मल्लम्माला फोन केला. सोमवारच्या पहिल्या गाडीने येते आहे. मागच्या भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा, पत्रे, सगळं बाजूला काढून ठेव, मला कोपरे मोजायचे आहेत. आणि गवंड्याला घरीच थांबायला सांग. त्याला आधी माझं ऐकावं लागेल.